लंगडणारं पिल्लू आणि हातात थोडे पैसे: घरी काय करायचं, दवाखान्यात काय विचारायचं

रस्त्याकडेला सापडलेलं असो की घरच्या कुत्रीचं, पिल्लू पाय उचलून धरायला लागलं की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, राहू दे, दोन दिवसांत पळेल. दुसरं मेडिकलमधून माणसांची दुखण्यावरची गोळी आणून तिचा तुकडा भाकरीत कालवून देतं. पहिल्या मार्गानं कधीकधी खरंच बरं होतं. दुसऱ्यानं मात्र पिल्लू दगावूही शकतं, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

पैसे कमी असताना ते कुठं घालायचे हा खरा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे. ते पहिल्या तपासणीत घाला. गोळ्या, मलमं, टॉनिक यांत थोडे थोडे करून जेवढे जातात, तेवढ्यात बहुतेक वेळा डॉक्टरांची एक तपासणी होते. आणि लंगडण्यावरचा सर्वांत मोठा उपचार, म्हणजे बंदिस्त विश्रांती, फुकट आहे. ती नीट द्यायला मेहनत लागते एवढंच.

घाई कधी करायची हे आधी सांगतो, कारण पिल्लांच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. पिल्लाचं हाड झपाट्यानं जुळतं. मोठ्या कुत्र्याला दोन-तीन महिने लागतात तिथं दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाचं हाड तीन-चार आठवड्यांत जुळून येतं. हे वरदान आहे, पण हाड सरकलेलं असेल तर ते त्याच वाकड्या जागी तेवढ्याच वेगानं जुळतं. आठवड्याभरात तिथं गाठ धरायला सुरुवात झालेली असते. मग जे काम पहिल्या दोन-तीन दिवसांत सोपं होतं, तेच अवघड आणि महाग होऊन बसतं. म्हणून "पगार झाल्यावर बघू" हा हिशेब पिल्लाच्या मोडलेल्या पायाला लागू पडत नाही.

थांबायचं नाही अशी लक्षणं

यातलं काहीही दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, पिल्लू उचला आणि निघा:

- पाय लोंबतोय, भलत्याच ठिकाणी वाकतोय किंवा जखमेतून हाड दिसतंय.
- मागचे दोन्ही पाय ओढत चालतंय, किंवा बोटाला चिमटा काढला तरी त्याला काही कळत नाही.
- हिरड्या पांढऱ्याफटक पडल्यात, अंग गार लागतंय, धाप लागलीय.
- स्वच्छ कापडानं सलग दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नाही.
- गाडीचा धक्का बसलाय आणि त्यानंतर लघवी झालेली नाही, किंवा लघवीत रक्त आहे.
- पाय बघता बघता सुजला, काळानिळा पडला, बारीक रक्त येतंय.

शेवटचं लक्षण आपल्याकडं खास लक्षात ठेवायचं. सातारा-सांगलीकडं, कराड, वाळवा, पलूस या पट्ट्यात उसाच्या फडाकडेला खेळणाऱ्या पिल्लाला घोणस चावणं ही अशक्य गोष्ट नाही. दातांच्या खुणा केसांत दिसतीलच असं नाही. अशा वेळी वर दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही. पिल्लाला चालू न देता, उचलून, थेट डॉक्टरांकडं. निघण्यापूर्वी फोन करून सर्पदंशाची लस तिथं आहे का ते विचारा, म्हणजे फेरा वाया जाणार नाही.

हिरड्या बघायची रीत सोपी आहे. वरचा ओठ उचला, हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. दाबलेली पांढरी जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाली पाहिजे. वेळ लागत असेल तर रक्ताभिसरण बिघडलंय. काही पिल्लांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथं खालच्या पापणीची आतली बाजू बघा.

आधी बघा, मग हात लावा

पिल्लाला पकडण्यापूर्वी दोन मिनिटं नुसतं चालू द्या आणि मोबाईलवर व्हिडिओ घ्या: समोरून, मागून आणि बाजूनं. दवाखान्यात गेल्यावर भीतीनं बरीच पिल्लं एका जागी गोठतात किंवा दुखत असूनही चारही पायांवर उभी राहतात. मग डॉक्टरांना काही दिसतच नाही. घरच्या अंगणातला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तिथं फार कामाला येतो. दूरच्या डॉक्टरांना आधी पाठवून "आणायलाच लागेल का?" असंही विचारता येतं.

कोणता पाय दुखतोय हे ओळखायलाही एक खूण आहे. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना पिल्लू मान वर उचलतं आणि चांगला पाय टेकला की मान खाली जाते. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा ढुंगणाचा भाग वर उचकतो. पाय अजिबातच टेकत नसेल तर दुखणं मोठं समजा. टेकतंय, पण जपून, तर थोडी सवड आहे.

आता तपासणी. दुखणारं पिल्लू मालकालाही चावतं, कितीही लाडकं असलं तरी. जुन्या साडीची किंवा ओढणीची लांब पट्टी घ्या. ती नाकावरून फिरवून हनुवटीखाली एक वेढा द्या आणि टोकं कानामागं नेऊन सैल गाठ मारा. ओकारी येत असेल किंवा धाप लागली असेल तर तोंड बांधायचं नाही. त्याऐवजी अंगाभोवती टॉवेल गुंडाळून दुसऱ्या माणसाला धरायला सांगा.

रस्त्यावरच्या पिल्लाबद्दल एक इशारा. पिल्लांनाही रेबीज होतो. दात लागला, नख ओरखडलं, किंवा आपल्या हाताच्या जखमेवर त्याची लाळ पडली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सिव्हिलमध्ये जा. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते. 0, 3, 7 आणि 28 अशा दिवसांचे डोस चुकवू नका. "एवढंसं तर पिल्लू आहे" म्हणून सोडून दिलेल्या ओरखड्यानं माणसं गेली आहेत. एकदा लक्षणं दिसली की या रोगातून वाचणं जवळजवळ अशक्यच.

पाय तपासताना चांगल्या पायापासून सुरुवात करा. त्यामुळं पिल्लू निवांत होतं आणि तुम्हाला "नेहमीचं कसं लागतं" हे हाताला कळतं. मग दुखऱ्या पायाला, खालून वर. नखं एकेक बघा: तुटलंय, उलटलंय, मुळाशी रक्त आहे का. बोटांच्या बेचक्या उघडून बघा. बाभळीचा काटा, सराटा, गवताचं कुसळ, गोचीड हे सगळं तिथंच लपतं. मग गादी, म्हणजे तळपायाचा मऊ भाग. काच, चीर, भाजल्याचा फोड, चिकटलेलं डांबर. पुढं मनगट, कोपर, खांदा. मागं घोटा, गुडघा, कंबर. प्रत्येक सांधा हळू वाकवा, सरळ करा. कुठं पिल्लू वळून बघतं, अंग आखडतं, केकाटतं ते लक्षात ठेवा आणि तिथंच थांबा. खात्री करायला परत परत दाबायचं नाही. हात फिरवताना हाडं घासल्यासारखी करकर जाणवली तर तपासणी संपली, ते हाड मोडलेलं आहे.

ताप बघायला घरचा डिजिटल थर्मामीटर चालतो. तो नंतर फक्त पिल्लासाठीच ठेवा. टोकाला खोबरेल लावून गुदद्वारात सेंटिमीटरभर आत सरकवा. 101 ते 102.5 फॅरनहाइट हे पिल्लाचं नेहमीचं तापमान आहे. आपल्यापेक्षा ते जास्तच असतं, त्यामुळं "अंग गरम लागतंय" एवढ्यावर विसंबू नका. 103.5च्या वर गेलं तर लंगडण्याचं कारण पायाच्या बाहेरही असू शकतं. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

घरी करता येण्यासारखं

वरवरचा काटा चिमट्यानं, ज्या दिशेनं आत गेला त्याच रेषेत बाहेर ओढा. आत मोडला असेल तर सुईनं कोरू नका. कोमट मिठाच्या पाण्यात पाय दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं बुडवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. सूज वाढली, पू दिसला किंवा छोटं भोक पडून त्यातून पाणी येत राहिलं तर आत कुसळ फिरतंय असं समजा. कुसळाची रचनाच अशी असते की ते पुढंच सरकत जातं, मागं येत नाही. ते डॉक्टरनंच काढायचं.

तुटलेल्या नखातून रक्त बरंच येतं आणि घाबरायला होतं. स्वच्छ कापडानं दाबून धरा. नखाच्या टोकावर हळद किंवा कॉर्नफ्लॉवर दाबलं तरी चालतं. नख अर्धवट लोंबत असेल तर ओढू नका.

चीर असेल तर अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात एक सपाट चहाचा चमचा, किंचित कमीच, मीठ घाला. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजनं किंवा टोपणाला भोक पाडलेल्या बाटलीनं जखमेवर जोरात धार सोडा. अर्धी जखम या धारेनंच स्वच्छ होते. नंतर पोव्हिडोन आयोडिनचं द्रावण फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पाण्यात मिसळून लावा. फिनेल, रॉकेल, पेट्रोल, न मिसळलेलं डेटॉल यातलं काही नको. जखमेत अळ्या पडल्यावर पेट्रोल ओतायची रीत गावोगाव आहे. त्यानं जिवंत मांस भाजतं, पिल्लू चाटतं आणि विष पोटात जातं. अळ्या पडल्या असतील तर दवाखानाच गाठा. हे काम सरकारी दवाखान्यातही रोजचं आहे.

खोल जखमेत हळद ठासून भरणं मला पटत नाही. सांगलीच्या बाजारातली हळद कितीही शुद्ध असली तरी जखमेत तिचा गोळा होतो, खाली पू साठतो आणि डॉक्टरांना आधी तोच खरवडावा लागतो.

पट्टी बांधलीच तर बोटांच्या बेचक्यांत थोडा कापूस ठेवा, आणि मधली दोन बोटं बाहेर दिसू द्या. ती सुजली, गार पडली, एकमेकांपासून फाकली, तर पट्टी घट्ट आहे, लगेच सोडा. पट्टी रोज बदला. पाटण, जावळीकडं पावसाळ्यात ओली पट्टी हेच नवं दुखणं होतं. बाहेर नेताना वरून प्लास्टिकची पिशवी चढवा आणि आत आल्यावर न विसरता काढा.

जखम नाही, हाड शाबूत वाटतंय, पाय टेकतोय, खातंय-पितंय, पण लंगडतंय, तर मुरगळलं असण्याची शक्यता जास्त. पहिले दोन दिवस थंड शेक द्या: बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट कातडीवर नको. फ्रीज नसेल तर थंड पाण्यात पिळलेलं फडकं पुन्हा पुन्हा बदला. तिसऱ्या दिवसापासून सूज उतरली असेल तर कोमट शेक. चोवीस तासांत फरक दिसायला हवा आणि अठ्ठेचाळीस तासांत तो स्पष्ट हवा. नाही दिसला तर दवाखाना.

आता खरा उपचार, म्हणजे कोंडून ठेवणं. इथंच सगळ्यांची माया आडवी येते. पिल्लू कुईकुई करतं, पोरं म्हणतात सोड त्याला, आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटल्यावर ते पायरीवरून उडी मारतं. मुरगळलेल्या पायाला बरं दिसू लागल्यानंतरही दहा-बारा दिवस बंदिस्त ठेवावं लागतं. त्याला उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल, पण पळता येणार नाही, एवढी जागा हवी. विकतचा पिंजरा लागत नाही. लहान पिल्लाला कोंबड्यांचं मोठं डालगं पालथं घालून वर दगड ठेवला तरी दिवसभराची सोय होते. जरा मोठ्याला खोलीचा कोपरा फळ्या लावून अडवा. खाली पोतं, त्यावर जुनी गोधडी. गुळगुळीत फरशी नको, त्यावर पाय फाकतात. लघवीला नेताना गळ्यात दोरी, उचलून न्यायचं, उचलून आणायचं. कंटाळा घालवायला खाणं एकदम न देता थोडं थोडं करून, फडक्याच्या घड्यांत लपवून द्या. हुंगत, शोधत बसलं की अर्धा तास जातो.

हे करू नका

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यातलं काहीही स्वतःच्या मनानं देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, काळी शी होते, मूत्रपिंड बंद पडतं. पॅरासिटामॉल यकृतावर जातं आणि रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटवतं. दोन-तीन किलोच्या पिल्लाला "पाव गोळी" हे लहान माप नाही.

आपल्याकडं दुसरा धोका गोठ्यातला आहे. घरोघरी गाय-म्हैस असते आणि कोनाड्यात उरलेलं इंजेक्शन, मोठी गोळी पडलेली असते. ते औषध तीन-चारशे किलोच्या जनावरासाठी केलेलं असतं. कुत्र्यांनाही चालणारं मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं औषध त्यात असलं तरी त्याची तीव्रता वेगळी असते, आणि थेंबाच्या चुकीनं पिल्लू जातं. जनावरांना डायक्लोफेनॅक वापरायला तर भारतात 2006 पासून बंदी आहे, गिधाडं मरत होती म्हणून. जुनी बाटली सापडली तर ती कोणत्याच जनावराला नको. डॉक्टरांनी एक दुखण्याचं औषध दिलं असेल तर जोडीला दुसरं देऊ नका. आधी घरी काही दिलं असेल तर ते न लाजता सांगा, कारण त्यावरून पुढचं औषध ठरतं.

चुना-हळदीचा लेप माणसाच्या मुरगळ्यावर लावतात, तो पिल्लाला नको. चुन्यानं त्याची पातळ कातडी भाजते आणि चाटल्यावर जीभही. तेल लावून चोळणं, पाय ओढून "बसवणं", हाडवैद्याकडं नेणं हेही टाळा. गावातल्या जाणत्या माणसाचा हेतू चांगला असतो हे मी जाणतो. पण पिल्लाच्या हाडांच्या टोकाशी वाढीची मऊ पट्टी असते. मोड बहुतेकदा तिथूनच होते आणि ती बाहेरून हाताला सांधा निखळल्यासारखी लागते. ओढाताणीत ती पट्टी चिरडली की पाय पुढं वाढतच नाही, किंवा वाकडा वाढतो.

हाड मोडल्याची शंका असेल तर

घरी कामट्या बांधून प्लास्टर करायचा मोह आवरा. हाड धरून ठेवायला त्याच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे जखडावे लागतात. मांडीच्या आणि दंडाच्या हाडाला हे बाहेरून जमतच नाही, कारण कामटीचं वरचं टोक मोडीपाशीच संपतं आणि पायाच्या वजनानं मोड उलट आणखी हलते. घट्ट बांधलेल्या कामट्यांनी पंजा काळा पडून पाय कापावा लागल्याची उदाहरणं पशुवैद्य नेहमी सांगतात.

पाय तसाच, पिल्लानं स्वतः धरला असेल त्या स्थितीत राहू द्या. उघडी जखम असेल तर वर स्वच्छ ओलं फडकं ठेवा. द्राक्षाचं किंवा टोमॅटोचं प्लास्टिकचं कॅरेट घ्या, तळाला पोतं, वर घडी केलेली चादर, आणि दुखरा पाय वर येईल असं पिल्लाला कुशीवर झोपवा. पाठीला मार असेल तर फळीवरून सरकवत आत घ्या. दुचाकीवर न्यायचं तर मागच्या माणसानं कॅरेट मांडीवर धरायचं. वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, जायचं तर चालकाला आधी सांगा आणि कडेची जागा घ्या. काही खायला घालू नका, कारण भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं. मात्र अगदी लहान, दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला फार वेळ उपाशी ठेवता येत नाही. त्याचं किती वेळ थांबायचं ते फोनवर विचारा.

कुठं जायचं आणि पैशाचं कसं बोलायचं

पहिली पायरी म्हणजे गुरांचा सरकारी दवाखाना. तो फक्त गुरांचा असतो हा गैरसमज आहे, कुत्र्यालाही तिथं तपासतात. नाममात्र शुल्काचा केस पेपर निघतो आणि साठ्यात असलेलं औषध तिथंच मिळतं. अडचण एवढीच की गावपातळीवर एक्सरे नसतो आणि डॉक्टर बऱ्याचदा गावोगाव फिरतीवर असतात. म्हणून आदल्या दिवशी फोन करा. एक्सरेची आणि शस्त्रक्रियेची शक्यता तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात जास्त. यंत्र सुरू आहे का, हे निघण्यापूर्वी विचारा. 1962 हा टोल-फ्री क्रमांक फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा आहे. ती सोय मुख्यतः गुराढोरांसाठी असली तरी जवळ कोण डॉक्टर आहेत हे विचारायला फोन करून बघा.

अवघड मोडीसाठी सातारा जिल्ह्यात मोठा आधार आहे तो शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा. ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं. साताऱ्याहून पुण्याकडं जाताना खंबाटकी घाट आणि खंडाळा ओलांडला की शिरवळ. शिकवण्याचं रुग्णालय असल्यानं तिथं तज्ज्ञ असतात आणि विद्यार्थी पिल्लू बारकाईनं तपासतात. वेळ जास्त लागतो, तेव्हा सकाळी लवकर पोचा, दिवस मोकळा ठेवा. सांगली, मिरज, इस्लामपूरकडच्या लोकांना लांब पडतं, पण शस्त्रक्रियाच लागणार असेल तर खासगीतला अंदाज आणि शिरवळचा खर्च अधिक प्रवास असं दोन्ही मांडून मग ठरवावं.

लस न झालेल्या पिल्लाला दवाखान्याच्या फरशीवर सोडू नका. पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा रोग, तिथूनच घरी येतो. कॅरेटातून थेट टेबलावर.

खासगी डॉक्टरांकडं गेलात तर पैशाचं आधीच, सरळ बोला. "डॉक्टर, माझ्याकडं आत्ता एवढेच आहेत. यात सगळ्यांत आधी काय करायला हवं?" या वाक्याचा राग चांगल्या डॉक्टरला येत नाही. उलट त्यांना उपचाराची आखणी करता येते. पुढचे प्रश्नही विचारा. एक्सरे आज लागेल का, की दोन दिवस विश्रांती देऊन बघता येईल? एक्सरे काढलाच तर दोन बाजूंनी काढाल ना? एकाच बाजूनं काढलेल्यात सरकलेलं हाड सरळ दिसू शकतं. प्लास्टरनं भागेल का? ते किती वेळा बदलावं लागेल आणि प्रत्येक वेळी खर्च किती? औषध कंपनीच्या नावाऐवजी घटकाच्या नावानं लिहाल का? हप्त्यानं चालेल का? एक्सरे स्वतःकडं मागून घ्या, खिडकीच्या उजेडावर धरून त्याचा फोटो काढून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला परत एक्सरे काढावा लागत नाही.

गल्लीतल्या किंवा गणेश मंडळाच्या ग्रुपवर मदत मागायची वेळ आली तर पिल्लाचा फोटो, डॉक्टरांचा लेखी अंदाज आणि थेट दवाखान्याला पैसे भरायची सोय द्या. बिल झाल्यावर तेही टाका. हिशेब दिसला की पुढच्या वेळी लोक न मागता देतात.

एक्सरेनंतरचे निर्णय

पिल्लाचं हाड कोवळ्या फांदीसारखं असतं, पूर्ण तुटण्याऐवजी एका बाजूला चिरतं आणि वाकतं. गुडघ्याखाली किंवा कोपराखाली अशी चीर असेल तर प्लास्टरनं छान भागतं. कमरेच्या हाडाच्या बऱ्याच मोडी, शी-लघवी नीट होत असेल तर, नुसत्या चार ते सहा आठवड्यांच्या बंदिस्त विश्रांतीनं भरतात. हे दोन्ही कमी खर्चाचे मार्ग आहेत.

मांडीचं हाड मात्र शस्त्रक्रिया मागतं. ते तसंच सोडलं किंवा पाय लांब सरळ बांधून ठेवला तर मांडीचे स्नायू हाडाला चिकटतात आणि गुडघा ताठ होऊन बसतो. मग पाय काठीसारखा मागं ओढला जातो, आणि त्यावर फारसा इलाज उरत नाही. पिन घालायची शस्त्रक्रिया प्लेटपेक्षा साधारण स्वस्त असते. पिल्लाच्या वयात ती कितपत चालेल ते डॉक्टरांना विचारा.

आणि ज्यावर बोलायला लोक कचरतात ते: कधीकधी पाय काढून टाकणं हाच योग्य, एकाच वेळी संपणारा आणि परवडणारा उपचार असतो. तीन पायांचं कुत्रं पळतं, राखण करतं, सुखानं जगतं. पिल्लू तर काही दिवसांत तोल सावरतं. सडत चाललेला, दुखरा पाय वर्षभर बाळगण्यापेक्षा मी हा निर्णय नक्की चांगला मानेन.

प्लास्टर असेल तर रोज वास घ्या. घाण वास, ओल, बोटांची सूज, सारखं चावणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. पिल्लू वाढत असतं, प्लास्टर वाढत नाही, म्हणून डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवायची नाही. त्या फेऱ्यांचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढा.

खाण्यात उकडलेलं अंडं, हाडं काढलेली कोंबडी, दही, नाचणीची पातळ भाकरी कुस्करून, भात असं मिसळून द्या. शिजवलेली हाडं देऊ नका. त्यांची टोकं आतडं फाडतात. हाड मोडलंय म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या रिचवू नका, विशेषतः मोठ्या जातीच्या पिल्लाला, कारण जास्त कॅल्शियमनं हाडांची वाढ बिघडते. गोळी अंड्याच्या बलकात लपवून द्या. तासगावकडं घरात बेदाणा असतोच, आणि गोडाच्या नादानं पिल्लू तो खातंही. पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत, त्यानं मूत्रपिंड बंद पडू शकतं. एकही नको.

मार नाही, काटा नाही, तरी लंगडतंय

आज हा पाय, परवा तो पाय, सोबत ताप आणि मलूलपणा असेल तर अंगावर गोचीड शोधा. गोचीड तापात सांधे दुखतात. रक्ततपासणी आणि अँटिबायोटिक हे तुलनेनं स्वस्तात होतं, पण वेळेत व्हायला हवं. डोळ्या-नाकातून घट्ट स्राव आणि पाय सारखा फडफडतोय, तर डिस्टेंपर या संसर्गजन्य रोगाची शंका घ्या आणि इतर पिल्लांपासून वेगळं ठेवा. तोंड लोंबतंय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, गिळता येत नाही, पाय लुळे पडताहेत, तर हात लावू नका. लांबूनच कोंडा आणि डॉक्टरांना बोलवा, रेबीज असू शकतो.

नुसत्या दूध-भातावर किंवा हाडाविना मांसावर वाढवलेल्या पिल्लांचे पाय वाकतात, सांधे फुगीर दिसतात आणि साध्या उडीनं हाड चिरतं. इथं खाणं बदलणं हाच उपचार, डॉक्टरांनी मापून दिलेल्या कॅल्शियमसह. पॉमेरेनियनसारखं छोटं पिल्लू पळता पळता मध्येच एक पाय उचलून दोन उड्या घेतं आणि परत नीट पळतं, तेव्हा गुडघ्याची वाटी सरकत असते. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांत पाच-सहा महिन्यांनंतर पाय बदलत लंगडणं दिसलं तर ते बहुधा वाढीच्या हाडदुखीचं असतं आणि वयाबरोबर जातं. पण बसताना उठताना मागचा भाग डुलत असेल तर खुब्याचा एक्सरे काढून घ्या.

पाय बरा वाटू लागला की पहिला आठवडा दोरीला धरून पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, मऊ मातीवर चालवा. दुसऱ्या आठवड्यात दहा मिनिटं. चालून आल्यावर किंवा झोपून उठल्यावर परत लंगडलं तर एक आठवडा मागं जा. जिने, कट्टे आणि थोरल्या कुत्र्यांशी मस्ती सर्वांत शेवटी. या फेऱ्यांत डॉक्टरांकडं जाणं होतच असतं, तेव्हा पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लसही त्याच केस पेपरवर विचारून घ्या.